वाचनालयाची डिस्क, वाचकांचे पेनड्राईव्ह आणि 'परवानगी नाही'

कपाट_क्रमांक_३ | १६ नोव्हेंबर, २१:१०

मंडळी, लिनक्सवाल्यांची मदत हवी आहे.

आमचं गावचं वाचनालय ब वर्गातलं. म्हणजे अनुदान येतं, पण कधी ते विचारायचं नाही. देणगीत मिळालेले दोन जुने संगणक आहेत. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. विंडोज ११ या मशिनांवर चढत नाही, टीपीएम या सुरक्षा-चिपचं कारण सांगतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी हौसेने दोन्हींवर लिनक्स मिंट २२ टाकलं, एक्सएफसीई वालं. मशिनं पळायला लागली, सगळे खूश.

आता रडगाणं. मुख्य मशिनला २ टीबीची यूएसबी डिस्क कायम जोडलेली असते. नाव 'भांडार', एनटीएफएस फॉरमॅट, विंडोजच्या काळापासूनची. तिच्यात जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग आणि दाखल नोंदवहीच्या एक्सेल फाइली. खाती चार केली आहेत: 'ग्रंथपाल' आमच्या बाईंचं, 'स्कॅन' स्कॅनिंग करणाऱ्या दोन मुलांचं, 'वाचक' येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी बिनपासवर्डचं, आणि 'व्यवस्था' माझं, ॲडमिनचं.

सकाळी पहिल्यांदा 'वाचक'मधून कुणी लॉगिन केलं की डिस्क त्याची होते. नंतर बाई त्यांच्या खात्यात शिरल्या की त्यांना 'परवानगी नाही'. वाचनालयाच्या ग्रंथपालालाच वाचनालयाची डिस्क उघडत नाही! उलट 'वाचक'मधला कुठलाही पोरगा स्कॅन डिलीट करू शकतो. एकाने फोल्डरचं नाव बदलून ठेवलंच.

वर पेनड्राईव्ह. अर्ज प्रिंट करायला लोक येतात, झेरॉक्सच्या दुकानांतून फिरून आलेले पेनड्राईव्ह बिनधास्त खुपसतात. तेही आवरायचं आहे. कधी पासवर्ड मागतो, कधी मागत नाही, याचाही उलगडा होत नाही.

कुठून सुरुवात करू?

---

अटकमटक | १६ नोव्हेंबर, २१:३२

सोप्पं आहे राव. टर्मिनल उघडा, भांडारवर सुडो सीएचमॉड -आर ७७७ मारा, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क. विषय संपला.

---

सुतळीबॉम्ब | १६ नोव्हेंबर, २१:४०

७७७ म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं नाही, दारच काढून ठेवणं आहे. (हलके घ्या.)

---

कपाट_क्रमांक_३ | १६ नोव्हेंबर, २२:१५

@अटकमटक, मारून बघितलं. कमांड हूं की चूं न करता परत आली, मला वाटलं झालं. एलएस -एल करून मालक-हक्कांची यादी बघितली तर सगळं जैसे थे. मालक 'वाचक', गट 'वाचक'. चुकलं असतं तर निदान ओरडायला तरी हवं होतं ना?

---

नाईटशिफ्ट | १६ नोव्हेंबर, २३:५५

पाळीवर आहे, फोनवरून लिहितोय. सारखा कळफलक बदलायचा कंटाळा, म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. टाइप करताना रोमन करून घ्या.

आधी गाठ सोडवू. तुम्ही दोन प्रश्न एकात गुंडाळलेत, आणि या विषयावरची निम्मी भांडणं याच गुंत्यातून होतात. माउंट कोण करू शकतो, म्हणजे डिस्क एखाद्या फोल्डराशी जोडून उघडी कोण करू शकतो, हा एक प्रश्न. माउंट झाल्यावर आतल्या फाइलींना हात कोण लावू शकतो, हा दुसरा. तुमच्याच भाषेत सांगायचं तर कपाटाची किल्ली कुणाकडे, हे वेगळं, आणि पुस्तक घरी न्यायची मुभा कुणाला, हे वेगळं. किल्ली शिपायाकडे असते म्हणून तो सगळी पुस्तकं घरी नेतो का?

किल्लीचं आधी. लिनक्सच्या कर्नलच्या लेखी माउंट करणं हे रूटचंच, म्हणजे मशिनच्या सर्वाधिकारी खात्याचंच काम. साध्या वापरकर्त्याला ते थेट जमतच नाही. त्याच्या वतीने ते करणारे दोन मध्यस्थ आहेत. एक म्हणजे आपली 'माउंट' कमांड. ती कुणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालते, पण इटीसी/एफएसटॅब या फाइलीत (कोणती डिस्क कुठे, कशी जोडायची याची यादी) त्या डिस्कपुढे 'युजर' किंवा 'युजर्स' असं लिहिलेलं असेल तरच साध्या माणसाचं ऐकते. दुसरा मध्यस्थ यूडिस्क्स. फाइल मॅनेजरमध्ये डिस्कच्या चित्रावर क्लिक केलं की हा कामाला लागतो. हा एकटा निर्णय घेत नाही, परवानग्या ठरवणाऱ्या पोलकिटला विचारतो: हा माणूस, ही डिस्क, देऊ का?

तुमची डिस्क सकाळी यूडिस्क्सने माउंट केली. मिंट-उबुंटूत तो ती मीडिया फोल्डरात, त्यातही ज्याने मागितली त्याच्या नावाच्या उपफोल्डरात ठेवतो. त्या उपफोल्डरावर फक्त त्या एकालाच आत जायची परवानगी असते. गेटफॅकल ही हक्क दाखवणारी कमांड मारून बघा, स्पष्ट दिसेल. वर एनटीएफएसच्या डिस्कला तो सांगतो की सगळ्या फाइलींचा मालक हाच. म्हणून 'वाचक' झाला मालक आणि बाई झाल्या परक्या. यूडिस्क्सची काही चूक नाही. एका माणसाने आपल्या लॅपटॉपला आपला पेनड्राईव्ह लावला, असं धरून ते बनवलंय. सार्वजनिक वाचनालय त्याच्या डोक्यात नाही.

आता सीएचमॉड गप्प का बसलं. फाइंडएमएनटी ही कमांड चालवा, डिस्कपुढे 'फ्यूजबीएलके' दिसतं का सांगा.

---

कपाट_क्रमांक_३ | १७ नोव्हेंबर, ०८:२०

हो, फ्यूजबीएलकेच.

---

नाईटशिफ्ट | १७ नोव्हेंबर, ०९:०२

मग एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर आहे. त्याचा स्वभावच असा की परवानग्यांचा पर्याय देऊन माउंट केलेलं नसेल तर सीएचमॉड (हक्क बदलणं) आणि सीएचओन (मालक बदलणं) तो मुकाट्याने गिळतो, चूक म्हणूनही सांगत नाही. पेनड्राईव्हवरच्या फॅट आणि एक्सफॅटला तर मालक नावाची गोष्टच माहीत नाही. अशा डिस्कवर लिनक्स फाइलीगणिक हक्क बघत नाही. माउंट करताना एकदाच जे सांगाल ते सगळ्यांना लागू. एक्स्ट४ चं उलटं. तिथे हक्क डिस्कवरच प्रत्येक फाइलीसोबत लिहिलेले असतात, माउंट करताना मालक ठरवता येत नाही.

पाळी संपली, झोपतो. रात्री एफएसटॅबची ओळ देतो.

---

मोडी_लिपी | १७ नोव्हेंबर, ०९:४०

वाचतेय. आमच्या शाळेतही हाच घोळ आहे. खूण ठेवते.

---

अटकमटक | १७ नोव्हेंबर, १०:११

बरं, ७७७ मागे घेतो. पण मग सुडोअर्स फाइलीत (रूटचे कोणते अधिकार कुणाला, ते तिथे असतं) लिहून टाका ना, की ग्रंथपाल आणि स्कॅन यांना बिनपासवर्ड 'माउंट' कमांड चालवता येईल. बाकी कशाला हात नाही. आमच्या जुन्या हापिसात असंच होतं.

---

दूरचा_दिवा | १७ नोव्हेंबर, १०:५८

असं करू नका, कळकळीने सांगतो. 'फक्त माउंट' दिलं म्हणजे सगळंच दिलं. माउंट कमांडने एखादी फाइल किंवा फोल्डर दुसऱ्याच्या डोक्यावर बसवता येतो. मी माझी बनावट पासवर्ड फाइल खऱ्या फाइलीवर बसवली की मशीन माझं. किंवा रूटच्या मालकीचा, सेटयूआयडी लावलेला (कुणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालणारा) प्रोग्राम घरी पेनड्राईव्हवर बनवून आणला, सुडोने पेनड्राईव्ह माउंट केला, प्रोग्राम चालवला, झालो रूट. एफएसटॅबमध्ये 'युजर' लिहिलं की नोसूआयडी, नोडेव्ह आणि नोएक्झेक (सेटयूआयडी, उपकरण-फाइली आणि प्रोग्राम चालवणं बंद करणारे) हे तिन्ही आपोआप लागतात, ते याचसाठी. यूडिस्क्सही पहिले दोन न विसरता लावतो.

हे पुस्तकी भय नाही. २०२५ च्या जूनमध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी यूडिस्क्सच्या पोटातल्या लिबब्लॉकडेव्हमध्ये नेमकं हेच दाखवलं, सीव्हीई-२०२५-६०१९. एक्सएफएस डिस्कचा आकार बदलताना ते लायब्ररी तात्पुरतं माउंट करायचं, आणि तेव्हा नोसूआयडी लावायला विसरायचं. मशिनसमोर बसलेल्या माणसाला तेवढं पुरे. दुरुस्ती कधीच आली आहे, पण @कपाट, अपडेट केलंय ना?

आणखी एक. कुणी 'त्या पोरांना डिस्क गटात घाला' असं सुचवेल. त्या गटातला माणूस डिस्क कच्ची वाचू-लिहू शकतो, मग फाइलींवरचे हक्क त्याच्यापुढे कागदावरच राहतात.

---

कपाट_क्रमांक_३ | १७ नोव्हेंबर, ११:३०

अपडेट केलं. (आत्ता केलं. विचारलंत म्हणून.)

---

नाईटशिफ्ट | १७ नोव्हेंबर, २२:४०

हां. तुमची डिस्क कायम जोडलेली आहे. मग तिची किल्ली कुणाला द्यायचीच कशाला? सकाळी मशीन सुरू होताना रूटनेच माउंट करून ठेवावी. यूडिस्क्स नको, पोलकिट नको.

आधी एक गट बनवा, 'भांडारी' म्हणा, त्यात ग्रंथपाल आणि स्कॅन घाला. आता एफएसटॅबची ओळ. पहिल्या रकान्यात डिस्कचा यूयूआयडी, ब्लकआयडी कमांड देते. एसडीबी-एसडीसी असलं नाव लिहू नका, उद्या दुसरा पेनड्राईव्ह आधी लागला की अक्षर बदलतं. दुसऱ्यात जागा: /एसआरव्ही/भांडार, हा रिकामा फोल्डर आधी बनवून ठेवा. तिसऱ्यात एनटीएफएस-३जी. चौथ्यात पर्याय, आणि सगळी गंमत तिथे आहे:

यूआयडी=(ग्रंथपालचा आकडा),जीआयडी=(भांडारीचा आकडा),डीमास्क=०००२,एफमास्क=०११३,नोफेल

शेवटी दोन शून्यं.

मास्क म्हणजे काय द्यायचं ते नव्हे, काय काढून घ्यायचं ते. डीमास्क फोल्डरांसाठी: ०००२ ने इतरांचा लिहायचा हक्क काढला, उरले ७७५. एफमास्क फाइलींसाठी: ०११३ मध्ये मालक आणि गट यांचा चालवायचा हक्क काढला, इतरांचा लिहायचा आणि चालवायचा दोन्ही काढले, उरले ६६४. म्हणजे बाई आणि स्कॅनवाली मुलं लिहितील, 'वाचक' फक्त वाचेल.

स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. सवयीने सुटते, आणि सुटली की पुढचं सगळं पाचव्या रकान्यात जातं. फाइल जतन केल्यावर मशीन रिस्टार्ट करायच्या आधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवा. तिथेच कळेल.

---

सुतळीबॉम्ब | १७ नोव्हेंबर, २२:५१

मास्कचं हे स्पष्टीकरण २०२० साली मिळालं असतं तर.

---

कपाट_क्रमांक_३ | १९ नोव्हेंबर, १२:४५

मंडळी, काल चाललं आणि आज मेलं.

काल ओळ टाकली, बाईंनी फाइल उघडली, 'वाचक'मधून डिलीट करून बघितलं तर नकार आला. पेढे वाटायचे बाकी होते.

आज सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींनी टेबल पुसताना डिस्कची वायर काढून ठेवली. बाईंनी मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर लाल तारे इकडून तिकडे, '१५ सेकंद / १ मिनिट ३० सेकंद' असं काहीतरी मोजत बसलं. दीड मिनिट झालं आणि 'इमर्जन्सी मोड', एंटर दाबा म्हणे. बाईंचा फोन आला तेव्हा मी बसस्टँडवर होतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या लिनक्सने आणीबाणी लावली आहे."

खरं सांगतो, ओळीतलं 'नोफेल' मीच गाळलं होतं. वाटलं डिस्क खराब झाल्यावर काहीतरी करत असेल, आपली डिस्क कुठे फेल आहे.

---

नाईटशिफ्ट | १९ नोव्हेंबर, १३:२०

😄 'नोफेल' म्हणजे 'ही डिस्क सापडली नाही तरी रडत बसू नकोस, पुढे चल'. एफएसटॅबमध्ये लिहिलेली प्रत्येक डिस्क सिस्टीमडी (मशीन सुरू करणारी यंत्रणा) अत्यावश्यक समजतं. नव्वद सेकंद वाट बघतं, आणि नाही आली तर पुढे जात नाही.

एंटर दाबा, नॅनो एडिटरने एफएसटॅब उघडा, त्या ओळीत नोफेल घाला, रीबूट करा. फाइल फक्त वाचण्यापुरती उघडली तर आधी माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / द्या.

मावशी रोजच वायर काढणार असतील तर सोबत एक्स-सिस्टीमडी.ऑटोमाउंट हेही घाला. मग फोल्डर उघडायला गेलं की त्या क्षणी माउंट होईल, डिस्क उशिरा लागली तरी चालेल. डाव्या पट्टीत डिस्क दिसत नाही अशी बाईंची पुढची तक्रार येईल, तिच्यासाठी एक्स-जीव्हीएफएस-शो.

---

पोथीशाळा | १९ नोव्हेंबर, २०:०५

नमस्कार. धाग्यातल्या 'बाई' म्हणजे मी. दुवा मिळाला म्हणून आज सदस्यत्व घेतलं.

मावशींना काही बोलू नका. त्या पंख्याच्या धुळीपासून पुस्तकं वाचवतात, तुमच्या डिस्कचं त्यांना काय?

माझा प्रश्न पेनड्राईव्हचा. सरसकट बंद करू नका. पोलीस भरतीचे, शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन मुलं येतात, त्यांनी कुठे जायचं? पण कुणीही येऊन खुपसावा हेही नको. मी बघितल्यावर उघडावा, एवढंच. आणि त्यासाठी मुलाला उठवून, त्याचं खातं बंद करून, माझ्या खात्यात शिरायचं असेल तर ते मला जमणार नाही. रांग असते.

---

चिंचेचं_बोटूक | १९ नोव्हेंबर, २१:१७

पोथीशाळाताई, स्वागत.

मी एका कॉलेजात लॅब सांभाळतो. आम्ही सरसकट बंदचा मार्ग घेतला होता, म्हणून अनुभव सांगतो. कर्नलला यूएसबी-स्टोरेज मोड्यूल चढवूच द्यायचं नाही. मॉडप्रोब.डी मध्ये ब्लॅकलिस्ट लिहून भागत नाही, कारण हाताने चढवता येतं. 'इन्स्टॉल यूएसबी-स्टोरेज /बिन/फॉल्स' असं लिहावं लागतं, आणि यूएएस या यूएसबी डिस्कच्या दुसऱ्या ड्रायव्हरसाठीही तशीच दुसरी ओळ. पक्कं काम. पण तुमची भांडार डिस्क यूएसबीचीच आहे, तीही मरेल. तेव्हा हा मार्ग तुमच्यासाठी नाहीच.

दुसरी गंमत. पेनड्राईव्ह बंद केले तर पोरं आठवड्यात फोनच्या वायरी घेऊन आली. फोन एमटीपीने जोडला जातो. तो डिस्क म्हणून दिसतच नाही, फाइल मॅनेजर त्याच्याशी थेट बोलतो. यूडिस्क्सलाही कुणी विचारत नाही, पोलकिटच्या माउंटच्या नियमालाही नाही. आम्ही दार लावून कुलूप घातलं आणि मोरीची खिडकी उघडी होती.

---

दूरचा_दिवा | २० नोव्हेंबर, ०२:३३

ताईंचं काम पोलकिटने होतं, आणि फार सुरेख होतं.

यूडिस्क्स माउंट करण्यापूर्वी पोलकिटला कृतीचं नाव सांगतो. काढता येण्यासारख्या डिस्कसाठी ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.यूडिस्क्स२.फाइलसिस्टीम-माउंट. मशिनच्या आतल्या डिस्कसाठी याच नावापुढे '-सिस्टीम'. पहिल्याला मुळातलं उत्तर 'हो', दुसऱ्याला 'ॲडमिनचा पासवर्ड आणा'. कधी मागतो, कधी मागत नाही, याचं कोडं इथे सुटतं. पीकेॲक्शन --व्हर्बोस मारून सगळ्या कृतींची मुळातली उत्तरं बघता येतात.

त्यातही तो 'हो' फक्त मशिनसमोर बसलेल्या, चालू सेशनवाल्या माणसाला. घरून एसएसएचने आलात तर तुम्ही समोर बसलेले नाही, मग तोच पेनड्राईव्ह पासवर्ड मागेल. बिघाड नाही, मुद्दाम केलंय.

आता नियम. इटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी मध्ये फाइल करा, नाव १० ने सुरू करा, शेवट .रूल्स. नियम नावांच्या क्रमाने वाचले जातात आणि पहिलं ठोस उत्तर देणारा जिंकतो, म्हणून आकडा लहान. भाषा जावास्क्रिप्ट. आत दोन तुकडे, अर्थ मराठीत सांगतो, लिहून काढणं सोपं आहे:

ॲडरूल: कृतीचं नाव वरच्या नावाने सुरू होत असेल, आणि मागणारा 'भांडारी' गटात नसेल, तर उत्तर ऑथ_ॲडमिन. नाहीतर काहीच उत्तर देऊ नका, पुढचे नियम बघून घेतील.

ॲडॲडमिनरूल: कृतीचं नाव त्याच नावाने सुरू होत असेल तर 'ॲडमिन' म्हणजे युनिक्स-युजर:ग्रंथपाल.

मेख या दुसऱ्या तुकड्यात आहे. पोलकिटला 'ॲडमिन कोण' हे कृतीगणिक वेगळं सांगता येतं. मशिनचे ॲडमिन कपाटदादाच राहतील. पण पेनड्राईव्ह उघडण्यापुरत्या ॲडमिन ताई. मुलगा 'वाचक'मध्ये बसलाय, पेनड्राईव्ह लावला, खिडकी आली 'ग्रंथपालचा पासवर्ड'. ताई उठून गेल्या, बघितलं, टाकला, उघडला. खातं बदलणं नाही, सुडो नाही. ऑथ_ॲडमिन_कीप लिहू नका, ते थोडा वेळ पासवर्ड लक्षात ठेवतं, मागून दुसरा पेनड्राईव्ह फुकटात जाईल.

---

अटकमटक | २० नोव्हेंबर, १०:२०

माझ्याकडे जुन्या ब्लॉगवरची .पीकेएलए फाइल आहे, चार ओळींत होतं. जावास्क्रिप्ट कशाला?

---

दूरचा_दिवा | २० नोव्हेंबर, १४:०९

ती जुनी पद्धत. पोलकिटने ०.१०६ पासून, म्हणजे २०१२ पासून, जावास्क्रिप्ट घेतली. डेबियन मात्र कितीतरी वर्षं ०.१०५ लाच चिकटून होतं, २०२३ च्या डेबियन १२ मध्ये सुटलं. म्हणून आंतरजालावरचे निम्मे सल्ले त्या काळातले सापडतात. नव्यात .पीकेएलए वाचायला वेगळं पॅकेज लागतं. ते नसेल तर तुमची फाइल नुसती पडून राहील, कुणी ढुंकूनही बघणार नाही.

अवांतर: मी लिनक्सला लागलो तेव्हा 'पीमाउंट' होतं, 'हॅल' होतं, आणि 'प्लगडेव्ह' गटात नाव घातलं की माणूस पेनड्राईव्हचा धनी. आता त्या गटाला यूडिस्क्स विचारतही नाही, तरी लोक अजून सांगतात प्लगडेव्हमध्ये घाला. देऊळ पडलं, नवस चालू.

---

कपाट_क्रमांक_३ | २२ नोव्हेंबर, १९:५०

@दूरचा_दिवा, नियम घरी लॅपटॉपवर लिहिला, पेनड्राईव्हवर (!) नेला, जागेवर ठेवला. 'वाचक'मध्ये शिरून पेनड्राईव्ह लावला... उघडला. काही विचारलं नाही. दोनदा तपासला, कंस-बिंस बरोबर आहेत.

---

नाईटशिफ्ट | २२ नोव्हेंबर, २३:१५

जर्नलसीटीएल -यू पोलकिट चालवा, पोलकिटच्या नोंदी दिसतील. शेवटच्या दहा-बारा ओळी द्या.

---

कपाट_क्रमांक_३ | २३ नोव्हेंबर, ११:०२

हसू नका. त्यात लिहिलंय की माझी फाइल उघडता येत नाही, परमिशन डिनाइड. परवानगीचा नियम लिहिलेल्या फाइलीलाच परवानगी नाही!

फाइल ६०० होती, मालक रूट. मला वाटलं सुरक्षेचं प्रकरण आहे, जितकं घट्ट तितकं चांगलं.

---

नाईटशिफ्ट | २३ नोव्हेंबर, ११:३०

पोलकिटडी रूट म्हणून चालत नाही, स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालतो. ६४४ करा, त्यात काही गुपित नाही. फाइलीतला मजकूर बदलून जतन केला की तो आपोआप पुन्हा वाचतो; नुसत्या सीएचमॉडने वाचला नाही तर पोलकिट एकदा रीस्टार्ट करा. आणि कंस चुकला तरी असाच गप्प बसतो, फक्त जर्नलमध्ये कुरकुरतो. म्हणून नियम बदललात की आधी जर्नल बघायचं.

---

मोडी_लिपी | २३ नोव्हेंबर, १२:४४

माझी शंका विचारू का? आमच्या शाळेतली डिस्क नवी आहे, एक्स्ट४ केली. एफएसटॅबमध्ये यूआयडी घातलं तर माउंटच होत नाही. आणि मी आधी फोल्डरचा मालक बदलला होता, डिस्क लावल्यावर परत रूट झाला. भूत आहे का?

---

नाईटशिफ्ट | २३ नोव्हेंबर, १३:३८

भूत नाही मॅडम. एक्स्ट४ ला यूआयडीचा पर्याय कळत नाही. आणि तुम्ही मालक बदललात तो रिकाम्या फोल्डरचा. त्यावर डिस्क बसली की तो झाकला जातो, दिसतो तो डिस्कच्या स्वतःच्या मुळाचा मालक. आधी माउंट करा, मग सीएचओन करा. एकदाच, ते डिस्कवर लिहिलं जातं.

त्यानंतर सीएचमॉड २७७५. तो २ पुढे लावलात की आत होणारी प्रत्येक नवी फाइल त्याच गटाची होते. तरी एक अडचण उरते: एका शिक्षकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही, कारण वापरकर्त्याच्या यूमास्कने (नव्या फाइलींना आपोआप लागणाऱ्या मास्कने) गटाचा लिहायचा हक्क काढलेला असू शकतो. सेटफॅकल -डी ने त्या फोल्डरावर गटासाठी डीफॉल्ट हक्क लावून टाका.

@कपाट, तुम्हीही कधीतरी भांडार एक्स्ट४ वर न्या. एनटीएफएसची डिस्क एखाद्या विंडोज मशिनला लावून ओढून काढली, किंवा त्या मशिनचं फास्ट स्टार्टअप चालू असलं, की तिच्यावर 'नीट बंद झाली नाही' असा शिक्का राहतो आणि लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतं. मग तुम्ही पुन्हा इथे याल 'परवानगी नाही' म्हणून, आणि आम्ही पुन्हा मास्क तपासत बसू, जेव्हा परवानगीचा काही संबंधच नसेल.

---

सुतळीबॉम्ब | २३ नोव्हेंबर, १३:५०

२ टीबी कुठे काढून ठेवायचं, तेही सांगा. अनुदान आल्यावर?

---

कपाट_क्रमांक_३ | २४ नोव्हेंबर, २०:३०

चाललं! ६४४ केल्यावर. 'वाचक'मध्ये पेनड्राईव्ह लावला, खिडकी आली, बाईंचा पासवर्ड टाकला, उघडला. चुकीचा टाकला तर नाही उघडला. 'स्कॅन'मधून न विचारता उघडला. वायर काढून मशीन सुरू केलं, गुमान सुरू झालं.

फोनच्या वायरीचं चिंचेचं_बोटूक म्हणाले तसंच आहे, फोन सरळ उघडतो. त्यावर सध्या कागद चिकटवलाय: 'फोन चार्जिंगला लावू नये'.

सगळ्यांचे आभार. एफएसटॅबची ओळ आणि नियमाची फाइल छापून मशिनच्या मागे पाकिटात ठेवली आहे.

---

पोथीशाळा | २६ नोव्हेंबर, १८:१५

आज पाच पेनड्राईव्ह आले. तीन मी उघडून दिले. एकात अर्जाच्या नावाने पिक्चर होते, तो परत दिला. पाचवा आजोबांचा होता, नातवाच्या लग्नाचे फोटो बघायचे होते. त्यांना पासवर्डची खिडकी बघून वाटलं वर्गणी थकली म्हणून अडवलंय. खिशातून शंभराची नोट काढली. थकली होतीच, दोन महिन्यांची. पावती फाडली, मग फोटो बघितले.

एक प्रश्न राहिला. पासवर्ड टाकताना मुलं माझ्या बोटांकडे बघतात. तो किती दिवसांनी बदलायचा?